संगणक घेताना : मेंदू पाहाल, तसं पोटही पाहा

मे महिना सरत आला, की मुळशी तालुक्यातल्या घरांतून पावसाळ्याची बेगमी सुरू होते. पापड-कुरडया डब्यांत जातात, सरपण आडोशाला येतं, खिडक्यांना प्लॅस्टिक लागतं. मेणबत्त्या आणि विजेऱ्या हाताशी ठेवल्या जातात, कारण ताम्हिणीकडून एकदा का पाऊस उतरला, की पौड काय, पिरंगूट काय आणि भूगाव काय, दिवे कधी जातील नि कधी येतील याचा नेम नसतो. नेमके याच दिवसांत दहावी-बारावीचे निकाल लागतात, कॉलेजचे प्रवेश सुरू होतात आणि घरात एक मागणी पुढे येते : "आई, आता कॉम्प्युटर घ्यायलाच हवा!"

मागणी रास्त असते. मुलांचा अभ्यास तर आहेच. पण बचत गटाचे हिशेब, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, घरगुती मसाल्यांची बिलं, बँकेची कामं, ही तुमची-आमची कामंही आता मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर भागत नाहीत. मग घरात चर्चा रंगते. चिरंजीव म्हणतात, "आय-सेव्हनच हवा." हिंजवडीला नोकरी करणारा भाचा आणखी भलतंच नाव सुचवतो. यजमान आकडा ऐकून वर्तमानपत्रात डोकं घालतात. सगळ्यांचं बोलणं फिरतं ते एकाच वस्तूभोवती, म्हणजे प्रोसेसरभोवती. त्या प्रोसेसरला वीज पुरवणारी जी लोखंडी पेटी, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दुकानदार ती कॅबिनेटबरोबर 'फुकट' देतो आणि आपणही फुकटची वस्तू म्हणून खूश होतो.

मैत्रिणींनो, गफलत होते ती इथेच. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू खरा, पण पॉवर सप्लाय हे त्याचं पोट आहे. माणूस कितीही हुशार असला, तरी पोट बिघडलं की अंथरूण धरतोच ना? आपल्यासारख्या ठिकाणी, जिथे विजेचा भरवसा कमी, तिथे मेंदूवर गरजेपुरताच खर्च करावा आणि वाचलेल्या पैशातून पोट भक्कम करावं. या लेखात सांगायचंय ते एवढंच. पण ते नीट समजून घेऊ या, म्हणजे दुकानात कुणी आपल्याला बनवू शकणार नाही.

धरण उशाला, अंधार घराला

मुळशीच्या बायकांना विजेची गोष्ट नव्याने सांगायला नको. १९२१ साली टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. त्यात बायकाही मागे राहिल्या नव्हत्या. धरण झालंच. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे कोकणात भिऱ्याला उतरलं आणि १९२७ पासून तिथे तयार होणारी वीज मुंबईकडे गेली. ज्यांच्या शेतांवर पाणी चढलं, त्यांच्या घरात मात्र वीज यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

आज आपल्या घरात येते ती महावितरणची वीज. ती डोंगरउतारावरून, झाडांतून, खांबांवरच्या तारांतून येते. वाऱ्याने फांदी पडते, तारा एकमेकींना घासतात, पावसात चिनीमातीचा चिमणीसारखा दिसणारा इन्शुलेटर तडकतो आणि दिवे जातात. दिवे गेल्याचं दुःख नाही, पण जाताना-येताना ते जो हिसका देतात, तो फ्रिजला, टीव्हीला आणि संगणकाला सोसावा लागतो. घरात यायला हवा २३० व्होल्टचा दाब. पण संध्याकाळी सगळीकडे मोटारी आणि मिक्सर सुरू झाले, की दिवा मिणमिणतो आणि मध्यरात्री तोच दिवा डोळ्यांत खुपतो, हे कुणी पाहिलेलं नाही?

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तो काही काळ तग धरतो. टेबलावरच्या संगणकाला तसा आधार नसतो. पण त्याचे फायदेही मोठे आहेत : पडदा मोठा, मान अवघडत नाही, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो आणि त्याच पैशात यंत्र जास्त ताकदीचं मिळतं. घरातल्या चौघांनी मिळून वापरायचं तर टेबलावरचाच बरा. मात्र त्याची विजेची व्यवस्था आपण लावून द्यायला हवी.

आधी कामं लिहा, मग यंत्र शोधा

साडी घेताना आपण आधी ठरवतो, रोजची हवी की लग्नाकार्याची. तसंच इथेही करावं. एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचं काम लिहा. अगदी सासूबाईंचं कीर्तन ऐकणंसुद्धा! मग त्या कामांचे तीन गट पडतील.

पहिला गट साध्या कामांचा : टायपिंग, हिशेब, इंटरनेट, तासिकांचे व्हिडिओ, बँक आणि सरकारी अर्ज. दुसरा गट मध्यम कामांचा : प्रोग्रॅमिंगचा अभ्यास, फोटो नीटनेटके करणं, अधूनमधून छोटा व्हिडिओ जोडणं. तिसरा गट जड कामांचा : इमारतींचे नकाशे, रोजच्या रोज व्हिडिओ संकलन, मोठमोठे खेळ. बहुतेक घरं पहिल्या दोन गटांतच बसतात. तिसऱ्या गटातलं काम घरात खरोखर रोज होणार आहे का, हा प्रश्न चिरंजीवांना प्रेमानं, पण ठामपणे विचारावा.

प्रोसेसर म्हणजे शेगडी

१९७१ साली अमेरिकेतल्या इंटेल कंपनीने एका जपानी गणनयंत्र कंपनीसाठी बोटाच्या पेराएवढी एक चकती तयार केली. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची सूक्ष्म बटणं, होती. आजच्या प्रोसेसरमध्ये ती अब्जावधी असतात. पण त्याचं काम समजायला स्वयंपाकघर पुरेसं आहे.

प्रोसेसरमध्ये 'कोअर' असतात. त्या म्हणजे शेगडीचे बर्नर. चार बर्नर असले, तर भात, आमटी, भाजी, दूध एकाच वेळी होतं. 'गिगाहर्ट्झ' म्हणजे आच : जितकी मोठी, तितका एकेक पदार्थ लवकर. 'रॅम' म्हणजे ओटा, जिथे चालू कामाचं सामान मांडलेलं असतं. 'एसएसडी' म्हणजे कोठीची खोली. आता तुम्हीच सांगा, घरात माणसं चार आणि ओटा हातभर, तर सोळा बर्नरची शेगडी आणून काय करणार? म्हणूनच संगणक मंद चालतो तेव्हा दोष पुष्कळदा प्रोसेसरचा नसतोच. रॅम अपुरी असते, किंवा एसएसडीऐवजी जुनी फिरती हार्ड डिस्क असते.

साध्या कामांना चार कोअरचा कोअर आय-थ्री पुरतो. मध्यम कामांना सहा कोअरचा आय-फाइव्ह किंवा एएमडी कंपनीचा रायझन-फाइव्ह घ्यावा. त्याच्या जोडीला १६ जीबी रॅम आणि ५०० जीबीच्या आसपास एसएसडी असली, की घरचं यंत्र पाच-सहा वर्षं सुखानं चालावं.

नाव मोठं, लक्षण खोटं

इथे एक मेख आहे, ती लक्षात ठेवा. 'आय-सेव्हन' हे नुसतं आडनाव झालं. पिढी कुठली, ते पाहायला हवं. इंटेलच्या या मालिकेत आय-थ्री, आय-फाइव्ह यांच्यापुढे आकडा असतो. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक पिढी सांगतो, पाच अंकी असेल तर पहिले दोन. म्हणजे आय-सेव्हन ४७७० हा चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा; आणि आय-थ्री १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. नाव धाकटं असलं, तरी हा आय-थ्री त्या आय-सेव्हनपेक्षा वेगवान आहे आणि वीजही कमी खातो. कचेऱ्यांतून बाहेर पडलेली जुनी यंत्रं 'आय-सेव्हन, स्वस्तात' म्हणून विकली जातात, तेव्हा हा आकडा आधी विचारावा. आणखी एक : विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं यंत्र स्वस्त मिळालं, तरी ते शिळंच.

इंटेलने अलीकडे 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावंही सुरू केली आहेत. नावं बदलत राहतात. तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारावा : "हा प्रोसेसर कुठल्या साली बाजारात आला?"

आकड्यामागचं अक्षरही महत्त्वाचं असतं. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. तो शंभर-दोनशे नव्हे, चांगला हजारभर रुपयांनी स्वस्त दिसतो, म्हणून माणूस भुलतो. घरी आणल्यावर कळतं, की वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही उमटतच नाही! 'के' असेल, तर तो वेग वाढवण्याची हौस असणाऱ्यांसाठी. तो जास्त वीज खातो आणि थंड ठेवण्याचा पंखा बहुधा खोक्यात येत नाही. एएमडीच्या आकड्यापुढे 'जी' असेल, तर त्यात चित्राची सोय चांगली असते. घरगुती वापराला ५६००जी सारखा प्रोसेसर म्हणूनच सोयीचा : वेगळं कार्ड नको, त्याची वेगळी वीज नको.

पोटाची गोष्ट

आता वळू या त्या दुर्लक्षित पेटीकडे. दुकानात तिला 'एसएमपीएस' म्हणतात. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आत घ्यायची आणि ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकमार्गी, शांत विजेत बदलून द्यायची, हे तिचं काम. प्रोसेसरची भूक भागते ती मुख्यतः १२ व्होल्टच्या तारेतून.

चांगली पेटी आणखी तीन कामं करते. दाब वाढला किंवा कुठे तारा जुळल्या, तर ती स्वतः बंद पडते, पण पुढच्या भागांना झळ लागू देत नाही. वीज क्षणभर दचकली, तर साधारण सेकंदाचा साठावा भाग तरी ती आपल्या साठ्यावर निभावून नेते. आणि भार वाढला तरी दाब हलू देत नाही. वाईट पेटी यातलं काही करत नाही. उलट, जाताना ती एकटी जात नाही. मदरबोर्ड आणि एसएसडीलाही बरोबर नेते. एसएसडी गेली म्हणजे काय गेलं? बचत गटाचं तीन वर्षांचं खातं, मुलीचा प्रकल्प, बारशाचे फोटो. ते कुठल्याच हमीपत्रावर परत मिळत नाहीत.

म्हणून पेटी घेताना खोक्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. पेटीच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचा. त्यात '+१२ व्होल्ट' च्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. दोहोंचा गुणाकार करा. समजा बाहेर '४५० वॉट' लिहिलंय, पण १२ व्होल्टखाली १५ अँपिअर आहेत. तर १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॉटच खरे कामाचे! चांगल्या ४५० वॉटच्या पेटीत हा गुणाकार ४०० च्या पुढे जातो. हिशेब चौथीतल्या मुलाला येईल असा आहे, पण तो दुकानातच करायला हवा.

खोक्यावर '८० प्लस' अशी खूण दिसते. २००४ साली सुरू झालेली ही पारख आहे : घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज कामाला लागते, उरलेली उष्णतेत जाते. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. अर्ध्या भारावर ब्राँझची पेटी साधारण ८५ टक्के, तर गोल्डची ९० टक्के वीज कामी लावते. घराला ब्राँझ पुरेशी आहे. पण एक ध्यानात ठेवा, ही खूण काटकसर सांगते, सुरक्षितता नव्हे. म्हणून खूण, नावाजलेली कंपनी, पाच वर्षांच्या आसपास हमी आणि तो १२ व्होल्टचा गुणाकार, अशा चारही गोष्टी जुळवून पाहाव्यात. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आहे का, तेही पाहावं. पेटी हातात घेऊन बघायलाही हरकत नाही. वजन हा काही पुरावा नव्हे, पण कांद्यासारखी पोकळ लागणारी पेटी बहुधा आतूनही पोकळच असते.

काही स्वस्त पेट्यांना मागे एक लाल खटका असतो : ११५ आणि २३०. आपल्याकडे तो २३० वरच हवा. पोरांनी खेळता खेळता तो ११५ वर सरकवला आणि बटण दाबलं, की फटाका वाजतो आणि पेटी संपते. चांगल्या नव्या पेट्यांना हा खटका बहुधा नसतोच. त्या कमी-जास्त दाब आपणहून सांभाळतात. संध्याकाळी जिथे दिवे मिणमिणतात, तिथे ही सोय लाखमोलाची.

किती वॉटची घ्यावी?

१९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या 'एनिअ‍ॅक' या संगणकात सुमारे १८,००० काचेच्या नळ्या होत्या आणि त्याला दीडशे किलोवॉट वीज लागे. त्या मानाने आपलं यंत्र अगदीच अल्पाहारी. आय-थ्री १२१०० नेहमीच्या कामात ६० वॉटचा, अगदी जोर लावला तर ८९ वॉटपर्यंत जाणारा. आय-फाइव्ह १२४०० जोरात असताना ११७ वॉटपर्यंत. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५० वॉट धरा. म्हणजे सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे वॉट. त्याला चांगल्या कंपनीची ४५० वॉटची पेटी भरपूर झाली. ती निम्म्याहून कमी भारावर, गार आणि बिनआवाजाची चालेल. साधं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल, तर ५५० वॉटची घ्यावी. आय-नाइन १४९००के सारखा प्रोसेसर मात्र एकटाच २५३ वॉटपर्यंत मागतो. तो घ्यायचा, तर पेटी, पंखे, यूपीएस, सगळंच मोठं लागतं आणि खर्च मारुतीच्या शेपटीसारखा वाढत जातो.

विजेच्या बिलाचंही पाहू. साधं यंत्र पडद्यासकट ८० वॉट धरलं आणि दिवसाला पाच तास चाललं, तर महिन्याला १२ युनिट होतात. मोठ्या खेळांचं यंत्र ४०० वॉट खाईल, तर तेवढ्याच वेळात ६० युनिट. आणि पेटीतला फरक? आतल्या भागांना १०० वॉट लागत असतील, तर ७० टक्क्यांची पेटी भिंतीतून १४३ वॉट ओढते, ८५ टक्क्यांची ११८. फरक २५ वॉटचा, महिन्याला पावणेचार युनिट. म्हणजे बिलात फार बचत होईल असं नाही. चांगली पेटी घ्यायची ती यंत्राच्या जिवासाठी. भाव सारखे हलत असतात, म्हणून इथे आकडे देत नाही, पण ढोबळ अंदाज असा ठेवा, की एकूण रकमेचा दहावा हिस्सा पेटीला द्यायला हात आखडू नये. प्रोसेसरची एक पायरी खाली उतरलात, तरी तेवढे पैसे सहज निघतात.

भिंतीच्या आतलं आणि भिंतीबाहेरचं

चांगली पेटी आणली आणि घरचं वायरिंग तसंच राहिलं, तर चाळणीत दूध ओतल्यासारखं होईल. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील, तर अर्थिंग बरोबर नाही, असं समजा. तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन काढून टाकायची, किंवा दोन पिनांचा जोड लावायचा, हा उद्योग कुणालाही करू देऊ नका. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. हा खर्च संगणकाचाच नव्हे, फ्रिज, गिझर आणि माणसांच्या जिवाचाही विमा आहे.

मग येतो यूपीएस. त्यावर '६०० व्हीए' लिहिलेलं असतं, म्हणजे ६०० वॉट नव्हेत. अशा बहुतेक यूपीएसचे खरे वॉट ३६० च्या आसपास असतात. साध्या यंत्राला ते पुरतात आणि दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ती काम करत बसण्यासाठी नाहीत. काम साठवून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहेत. त्यावर इस्त्री, मिक्सर किंवा लेझर प्रिंटर चुकूनही लावू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा ती वेळेवर बदलावी. घरात इन्व्हर्टर असेल तर तो 'साइन वेव्ह' प्रकारचा आहे का ते पाहा आणि त्यावर 'यूपीएस' असा खटका असल्यास तो त्या बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला असला, की वीज बदलताना मोठी फट पडते आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

वळवाचा पाऊस गडगडू लागला, की प्लग भिंतीतून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची तार घरात येत असेल, तर तीही काढा. दिवे जाऊन परत आले, की लगेच यंत्र सुरू करू नका. पाच मिनिटं जाऊ द्या. आणि घरातले काही दिवे एकाएकी लख्ख पेटले, पंखे भन्नाट फिरू लागले, तर बाहेर न्यूट्रलची तार तुटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरात दाब २३० च्या किती तरी वर जाऊ शकतो. विचार करत बसू नका, मुख्य स्विच आधी बंद करा आणि महावितरणला कळवा.

पावसाळ्यात कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. वीतभर उंच पाटावर ठेवावं आणि भिंतीपासून थोडं दूर. चालू असताना त्यावर कापड किंवा प्लॅस्टिकचं आवरण घालू नये. यंत्र वापरात नसेल तरी आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवावं, म्हणजे ओल धरत नाही. पाली-झुरळांना उबेची जागा आवडते, तेव्हा मागची मोकळी भोकं झाकलेली आहेत ना, ते पाहावं. आणि पॉवर सप्लायची पेटी साफसफाईच्या हौसेनं कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या पोटात काही काळ जबर वीज साठून राहते.

दुकानात विचारायचे सात प्रश्न

पुण्यात बुधवार पेठेत जा नाही तर टिळक रस्त्यावर, पिरंगुटातच घ्या नाही तर घरपोच मागवा. ही यादी पर्समध्ये असू द्या.

१. प्रोसेसरचा पूर्ण आकडा काय, आणि त्यामागे कुठलं अक्षर आहे?

२. तो कुठल्या साली आला? त्याचा पंखा खोक्यात आहे का?

३. वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर चित्र दिसेल ना?

४. पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा? कॅबिनेटबरोबरचा नको, तो वगळून किती?

५. १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत?

६. प्रत्येक भागाची हमी किती वर्षं, आणि बिघडल्यास पुण्यात दुरुस्ती कुठे?

७. बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि क्रमांक वेगवेगळा लिहून देणार ना?

कंपनीचं तयार, लहान पेटीतलं यंत्र घेणार असाल, तर आणखी एक विचारा : आतला पॉवर सप्लाय नेहमीच्या मापाचा आहे का? अशा पुष्कळ यंत्रांत तो वेगळ्याच आकाराचा असतो आणि हमी संपल्यावर बिघडला, तर मिळता मिळत नाही.

हे प्रश्न विचारताना दुकानदार कदाचित तुमच्याकडे न बघता यजमानांकडे किंवा मुलाकडे बघून उत्तर देईल. देऊ दे. प्रश्न तुम्हीच विचारायचे. ज्या एनिअ‍ॅकचा वर उल्लेख केला, त्याला गणितं कशी सोडवायची हे शिकवणाऱ्या पहिल्या सहाजणी बायकाच होत्या. त्यांच्यापुढे पुस्तक नव्हतं, कुणी शिकवणारं नव्हतं. यंत्राच्या आराखड्यांवरून त्यांनी ते उकलून काढलं. तुमच्यापुढे तर एका पेटीवरचा तक्ता आणि एक गुणाकार एवढंच आहे.

आणि खरं सांगायचं, तर घरातली वीज कशी येते नि कशी जाते, हे घरात सर्वांत जास्त कुणाला ठाऊक असतं? दुपारी तीनला पंखा कधी मंदावतो, फ्रिज कधी कण्हतो, कुठलं बटण ठिणगी टाकतं, हे दिवसभर घर सांभाळणारीलाच कळतं. भाच्याला प्रोसेसरची नावं पाठ असतील, पण तुमच्या घरची वीज त्याला ठाऊक नाही. तेव्हा प्रोसेसर कुठला, हे मुलांशी बोलून ठरवा. पण पॉवर सप्लाय, अर्थिंग आणि यूपीएस यांवर शेवटचा शब्द तुमचाच असू द्या. श्रावणातल्या एखाद्या संध्याकाळी पुन्हा दिवे जातील, बचत गटाचा हिशेब अर्ध्यावर असेल आणि यूपीएस टिकटिक करू लागेल. तेव्हा शांतपणे काम साठवून, यंत्र बंद करून तुम्ही कंदील लावायला उठाल.